केवड्या, तुझा साथीदारही सापडला

भेंडीवरच्या केवड्यास,

तुला नमस्कार लिहीत नाही. गौरी-गणपतीत ज्याच्या वासाने घर घमघमतं त्या फुलाचं नाव तुला मिळालं, ते तुझ्या लायकीचं नाही.

आमच्या घरी भेंडी असायची. पान उन्हाकडे धरलं की तुझी ओळख पटायची: शिरा पिवळ्याधमक, मधली जागा तेवढी हिरवी. पुढच्या पानांत तेवढाही हिरवा उरत नसे. मग फळ यायचं ते पांढुरकं, आखूड, राठ. बाजार समितीत व्यापारी एक भेंडी मोडून बघायचा आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडे जायचा. वडील तिथेच उभे राहायचे. तो हिशेब तुझ्या नावावर आहे.

तू काही नवखा नाहीस. १९२४ मध्ये जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या रोगांत तुझी नोंद केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तू विषाणू असल्याचं दाखवलं. तरी पुढची साठ वर्षं तू मोकाटच होतास. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळून तू लागत नाहीस, तुला पांढरी माशीच लागते. मग शुद्ध रूपात तुला धरायचं कसं आणि आरोप सिद्ध करायचा कसा?

म्हणून तुझा डीएनएच धरावा लागला. द्रव नायट्रोजन ओतून पान खलात कुटलं की त्याचं हिरवं पीठ होतं. पण भेंडीचा बुळबुळीत चिकटा डीएनएबरोबरच उतरतो आणि नळीत शेंबडासारखा लोंबतो. तो धुता धुता हात भरून येतात. एवढं करून हाती लागतं ते सुमारे २,७०० अक्षरांचं तुझं कडं. कड्याला टोक नसतं, त्यामुळे फाय-२९ हे एन्झाइम त्याच्याभोवती फिरत राहतं आणि तुझ्या प्रतींची लांबच लांब माळ ओढतं. एकाच जागी कापणाऱ्या एन्झाइमने ती माळ तोडायची, एक तुकडा प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूच्या छोट्या डीएनए-कड्यात, जोडायचा आणि ई. कोलाय जिवाणूत वाढवायचा. झाला तुझा क्लोन, भेसळ नसलेला.

२००३ मध्ये मदुराईच्या जॉयस जोस आणि आर. उषा यांनी तुझा क्लोन ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत भेंडीत सोडला. पानं जराशी वळली, एवढंच. सोबत तुझ्या निम्म्या आकाराचं बीटा नावाचं कडं सोडलं, आणि शिरा पिवळ्या पडल्या! इतकी वर्षं वार करणारा साथीदार तुझ्या आडोशाला दडला होता. दोघांचे क्लोन वेगळे केले नसते तर कुणाचा गुन्हा कोणता, हे कधीच कळलं नसतं.

तू भेंडीची 'पुसा सावनी' ही जात पचवलीस. रानभेंडीचं रक्त घेऊन आलेल्या 'परभणी क्रांती'ची ताकदही हळूहळू मोडलीस. तू रूप बदलतोस, म्हणून शेताशेतातून तुझी पानं पुन्हा पुन्हा गोळा करून तुझा डीएनए वाचत राहावा लागतो. ते काम आम्ही सोडणार नाही.

आणि भेंडी लावणाऱ्यांनो, पहिली पिवळी शीर दिसली की त्या झाडाची दया करू नका. उपटा, शेताबाहेर नेऊन जाळा.