फुगलाय!

परवा बोईसर स्टेशनबाहेर वडापाव महागला, तर आमच्या प्लांटमधल्या मंदीभाऊंनी वडा बोटाने दाबून पाहिला आणि निकाल दिला, "फुगलाय." पुतण्याचे बारावीचे मार्क, वाढवण बंदराच्या नावाने चढलेले पालघरचे फ्लॅट, माझं पोट, सगळं फुगलेलं. असा एक मंदीवाला तुमच्याही ओळखीत असणारच.

पण भाऊंचं खरं वैर इंटरनेटवाल्या शेअरांशी. 2021च्या जुलैत 76 रुपयांना विकलेला झोमॅटो 116ला उघडला, तेव्हा ते तळतळले, "अरे, भजी दुसऱ्याची, तेल दुसऱ्याचं, स्कूटरसुद्धा त्या पोराची. ह्यांचं काय? फुगलाय." आणि मंदी मारली.

मंदी म्हणजे हातात नसलेला माल आधी विकायचा, पडला की घेऊन द्यायचा. भाऊंच्या मते शेअर दोन वर्षांत निम्मा होणार. पण रोखीच्या बाजारात आपल्यासारख्याला असा सौदा त्याच दिवशी कापावा लागतो. नाही कापला तर तीन वीसच्या सुमारास ब्रोकरच कापतो. मत दोन वर्षांचं, मुदत तीन वीसची.

त्यात आमचा प्लांट केमिकलचा. मोबाइल गेटवरच्या खोक्यात. भाऊंनी सगळ्यांच्या हातापाया पडून कायमची पहिली पाळी मिळवली. दहाच्या चहाला गेटवर जाऊन विकायचं, तीनला सुटल्यावर हेल्मेटसकट धावत येऊन कापायचं. दिवसभर ग्लोव्हजमध्ये भिजलेली बोटं फोन ओळखायचा नाही. शर्टाला पुसून झालं, फुंकर मारून झाली, की तीन अठराला वॉचमनच्या कोरड्या बोटाने सौदा कापला जायचा. तालुक्यातला सर्वांत अनुभवी मंदीवाला खरं तर तो वॉचमन.

चीड येते ती ह्याची, की भाऊ बरोबर होते. वर्षभरात झोमॅटो 41 रुपयांवर आला. पण पडायचा तो रात्री! सकाळी सव्वानऊला खाली उघडायचा आणि भाऊंनी दहाला विकला की तीनपर्यंत हळूहळू वर सरकायचा. 18 नोव्हेंबर 2021ला 2150चा पेटीएम पहिल्याच दिवशी 27 टक्के कोसळला, तेव्हा प्लांटला शटडाउन होतं. फोन गेटवर आणि भाऊ रिअॅक्टरच्या पोटात.

अखेर 29 नोव्हेंबर 2024ला झोमॅटो वायद्यात आला. आता सौदा रात्रीही उभा ठेवता येणार! भाऊंनी पेढे वाटले आणि पहिल्याच दिवशी एक लॉट विकला. आठवडाभरात भाव 300च्या वर. मार्जिन संपलं, वहिनींचा आवाज चढला, भाऊंनी तोटा घेऊन सौदा कापला. जानेवारीत शेअर धाडकन आपटला. "बोललो होतो ना," एवढंच म्हणाले आणि माझ्या डब्यातली पुरी उचलली. ती मात्र खरंच फुगलेली होती.

पेटीएमच्या इश्यूत मी पीएफमधून काढलेले पैसे घालणार होतो. भाऊ तीन दिवस माझ्या मानगुटीवर बसले, फॉर्म भरू दिला नाही. मी अजून आभार मानलेले नाहीत; मानले की रोज ऐकवतील.

हे वैर कुठून आलं ते वहिनींनी सांगितलं. 2000 साली भाऊ पक्के तेजीवाले होते. वडिलांची केळवे-माहीमची पानवेलीची वाडी विकून त्यांनी दलाल केतन पारेखच्या लाडक्या दहा शेअरांपैकी एक सॉफ्टवेअर शेअर घेतला होता. तो असा आपटला की अजून त्याचं नाव काढलं तर चहा टाकून उठतात. तेव्हा 'बदला' पद्धतीत सौदा पुढे पुढे ढकलता यायचा. 2001च्या जुलैत बदला बंद झाला. भाऊ बदला घ्यायला निघाले ते त्यानंतर.

गेल्या रविवारी केळव्याला पोरांना घेऊन गेलो, तर भाऊ एका रिसॉर्टच्या कुंपणाशी एकटेच उभे. आत कुणाच्या तरी वाढदिवसाचे रंगीबेरंगी फुगे. कुंपणाच्या जाळीवर एक चुकार पानवेल चढली होती. भाऊंनी तिचं सुटलेलं टोक सवयीने आत वळवलं.

मला खोडी सुचली. "भाऊ, इथला गुंठा हल्ली केवढ्याला जातो ठाऊक आहे ना? फुगलाय की नाही?"

"छे रे," भाऊ म्हणाले. "हा भाव बरोबर आहे."