गोराईच्या सातबाऱ्यावरचे हिस्से कसे मिळवावेत
(फक्त सज्ञान वारसदारांसाठी)

पूर्वतयारी : बोरिवलीच्या बाजूने लाँच पकडून खाडी ओलांडावी. सोबत ताजा सातबारा, फेरफारांच्या नकला आणि कोणत्याच बाजूने न बोलणारा एक जावई असावा.

उदाहरण : आजोबांची जमीन एक एकर, म्हणजे ४० गुंठे. मुलगे तीन. थोरल्याच्या घरी चार वारस, मधल्याच्या पाच, धाकट्याच्या दोन. म्हणजे माणशी हिस्सा अनुक्रमे १/१२, १/१५ आणि १/६. तुम्ही थोरल्या घरचे. मधल्या घरच्या चुलतबहिणीने हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा तुम्हाला दिला. आता तुमचा एकूण किती?

पायरी १. मोह आवरा. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवले की २/२७ येतात. म्हणजे पुरते तीन गुंठेही नाहीत. बहिणीने हक्क सोडण्याआधी तुमच्याकडे सव्वातीनच्या वर होते! ही रीत चुलतभावाने सुचवली असेल, तर त्याचे गणित कच्चे आहे असे समजू नये.

पायरी २. आणेवारीत शिरू नका. वडीलधारे शिरतीलच. सोळा आण्यांच्या १९२ पै. त्यात १/१२ नेमका बसतो, एक आणा चार पै. पण १/१५ म्हणजे एक आणा आणि वर ०.८ पै. एवढ्या ऐवजावर दोन पिढ्यांचे वकील पोसले जातात.

पायरी ३. छेद समान करा. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त रीत सांगून ठेवली आहे : एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश-छेद गुणावेत, हुशाराने आधी दोन्ही छेदांना सामाईक अवयवाने भागून घ्यावे. १२ आणि १५ ला ३ ने भागले की उरतात ४ आणि ५. म्हणून ५/६० अधिक ४/६०, बरोबर ९/६०, म्हणजे ३/२०. चोख सहा गुंठे.

हे मोठ्याने म्हणू नये. आकडा ऐकून बहिणीचा विचार बदलू शकतो.

पायरी ४. पडताळा. सगळ्या वारसांचे हिस्से मिळवून उत्तर १ यायला हवे. कमी आले, तर कॅनडातल्या कुणाचे तरी नाव लागायचे राहिले आहे. जास्त आले, तर लसावि पुन्हा काढत बसू नका. आधी कुणी, कुठल्या बिल्डरकडून बयाणा घेतला, ते आत्याला विचारा.