देवडीत जागा नाही

एक टेराबाइटची डिस्क. त्यातले आठशे-साडेआठशे जीबी मोकळे. डेबियन 12 वरून 13 वर जाताना सगळं उतरवून, निम्मंशिम्मं बसवून झाल्यावर पडद्यावर ओळ उमटते : डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

"मामा, डिस्क नाही भरलेली. /बूट भरलंय," भाचा फोनवर सांगतो. मामांच्या संगणकावर लिनक्स टाकून दिलं ते यानेच. फुकट, व्हायरस नाही, कटकट नाही. असा भाचा प्रत्येक घराण्यात एक असतो आणि अपग्रेडच्या दिवशी तो हमखास मीटिंगमध्ये असतो.

तर /बूट. वाडा सात चौकांचा, चौक सगळे ओस, पण आत शिरायचं ते देवडीतून आणि देवडी जेमतेम अर्ध्या जीबीची. तिथे 6.1 घराण्यातले कर्नल पहाऱ्याला बसलेले. नवा कामावर आला तरी जुन्याला लगेच काढत नाहीत. न जाणो, नवा ऐनवेळी आडवा पडला तर? प्रत्येकाच्या काखेत एक गाठोडं, त्याला इनिट-आरडी म्हणतात. मामांच्या वाड्याला कुलूप एकच, पण गाठोड्यात दुनियेतल्या झाडून साऱ्या कुलपांच्या किल्ल्या, कारण सेटिंगच मुळी 'मॉड्यूल्स = मोस्ट' असं. उद्या मामांना लहर आली आणि त्यांनी भलतंच कुलूप बसवलं तर पंचाईत नको! त्यात आता 6.12 आला. हा अंगाने थोराड, गाठोडं त्याहून थोराड. शिवाय जुन्याचं गाठोडं पुन्हा बांधून द्यायचं झालं, तर नवं पुरतं बांधून होईस्तोवर जुनं हलवायचं नाही असा दंडक. म्हणजे दोन्ही एकाच वेळी देवडीत मावायला हवीत. मावत नाहीत. एक्झिट स्टेटस 1.

मग जुन्यांना घालवा की! 'ऑटोरिमूव्ह' म्हणावं तर उत्तर येतं, आधी अर्धवट राहिलेली पॅकेजेस मार्गी लावा. ती मार्गी लावायला जागा हवी. जागा हवी तर जुने घालवा. देवडी वाढवावी म्हटलं, तर एकीकडे ईएफआयची भिंत, दुसरीकडे एन्क्रिप्शनचा तट.

आणि हे असं होणार हे ठाऊक होतं! तेराव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय : /बूट किमान 768 एमबीचं असावं, त्यातले 300 एमबीच्या आसपास मोकळे असावेत. म्हणजे दुखणं कळलेलं, मापही काढलेलं. पण अपग्रेड सुरू करण्याआधी देवडीत डोकावून "मामा, जरा थांबा" म्हणण्याची बुद्धी त्या प्रोग्रामला नाही. बाराव्या आवृत्तीतला हाच एपीटी एरवी किती एमबी उतरवणार, बसवल्यावर किती जागा खाणार याचा चोख हिशेब मांडून 'हो की नाही' विचारतो. गाठोडं तेवढं हिशेबात नाही, कारण ते कुठल्याच पॅकेजातून येत नाही, जागेवर बांधलं जातं. आणि वर भाचा विचारतो, "नोट्स वाचल्या नव्हत्या का?" अरे, ज्याला त्या वाचून समजतात त्याला तुझा फोन नंबर कशाला लागतो? 'आम्ही लिहिलं होतं' म्हणून हात झटकणाऱ्या या जमातीने माझं डोकं कायमचं उठवलेलं आहे. यांनी लिहायचं, मामांनी आपटायचं, आणि आपटल्यावर यांनी कलम क्रमांक सांगायचा.

मीटिंग संपते. "मामा, आता काहीही झालं तरी रीस्टार्ट करू नका."

मामांनी ते केव्हाच केलेलं असतं. आयुष्यभर संगणक अडला की दुसरं काय शिकवलं होतं त्यांना? गाठोड्याशिवाय उभा केलेला 6.12 दारात कोलमडतो, कर्नल पॅनिक. मग ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथून 6.1 मधला एक म्हातारा उठतो, निमूट किल्ली लावतो, वाडा उघडतो.

"आता 'यूनेम -आर' करा," भाचा सांगतो. "जो चालू दिसेल त्याला हात लावायचा नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांची गाठोडी 'आरएम'ने हातानेच उडवा, मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. नवा नीट उभा राहिला की या म्हाताऱ्यालाही काढून टाकू."

"याला?" मामा विचारतात. "अरे, यानेच तर दार उघडलं."

"जागा होणार नाही, मामा."

"मग तुझ्या त्या नव्याला काढ."