पाठीला तेल कोण लावणार?

धनत्रयोदशीला आपल्याकडे धन्वंतरीची पूजा होते आणि त्याच संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमासाठीही दिवा लावला जातो. वैद्य आणि यम, एकाच दिवशी दोघांशीही संबंध गोड! ज्या पूर्वजांनी ही सोय केली, त्यांना पुढच्या चार दिवसांत घरातल्या बाईचं काय होणार आहे याची पुरती कल्पना असावी.

मला वाटतं, दिवाळीइतका मानपानाचा सण दुसरा नाही. वसुबारसेला गाय-वासराचा मान. नरकचतुर्दशीला पुरुषमंडळी आणि मुलं पहाटे पाटावर बसतात, त्यांना कोमट तिळाचं तेल, नागरमोथा-कचोऱ्याचं उटणं. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीलाही हळदकुंकू लागतं. पाडव्याला नवऱ्याचं ओवाळणं, भाऊबीजेला भावाचं. या यादीत केरसुणी आहे, पण ती चालवणारी कुठे आहे, हे मी बराच वेळ शोधत होते. ती स्वयंपाकघरात सापडली. शंकरपाळे कापत होती.

तिच्यापुढे प्रश्नही साधे नसतात. चकलीत मोहन जास्त झालं की ती तेलात फुटते, कमी झालं की दातांची परीक्षा घेते. अनारसा तुपात हसला की करणारीला रडू येतं. त्यातच जिन्यात भेटणारी प्रत्येक शेजारीण एकच विचारते, ‘‘झाला का गं फराळ?’’ तब्येत कशी आहे, हे दिवाळीत कोणी विचारत नाही. ऑफिसात वरिष्ठांना मात्र सुट्टीवर जाण्याआधी सगळी कामं हातावेगळी झालेली हवी असतात. माळ्यावरची पितळी भांडी तेवढ्यातच चिंचेने घासून घ्यायची असतात. वर्षभर कुणाला न दिसलेली ही भांडी दिवाळीतही कुणाला दिसत नाहीत. ती पुन्हा माळ्यावरच जातात, फक्त चकचकीत होऊन.

अशा वेळी मासिकांतून सल्ले येतात: स्वतःसाठी वेळ काढा, दीर्घ श्वास घ्या. चिवड्याच्या फोडणीत हिरव्या मिरच्या पडत असताना सल्ला देणाऱ्याने एकदा दीर्घ श्वास घेऊन पाहावा. वेळ तर मी काढतेच, पण मी काढलेला वेळ घरात कुणालाही सापडतो आणि ‘‘रिकामीच आहेस ना?’’ म्हणत तो लगेच वापरला जातो.

या सल्ल्यांपेक्षा मला अभ्यंगस्नान जास्त शहाणं वाटतं. त्यात एक गोम आहे: आपल्या पाठीला आपला हात पुरत नाही. तिथे दुसऱ्याचाच हात लागतो. स्वतःची काळजी स्वतःच घ्यावी, हे ऐकायला छान आहे, पण म्हणजे कामांच्या यादीत आणखी एक काम, तेही माझ्याच नावावर! पूर्वी चाळीत आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असं आळीपाळीने जमून बायका करंज्या करत. लाटणारी एक, भरणारी दुसरी, आणि सासूबद्दल बोलायला सगळ्या. ताण जायचा तो त्या बोलण्यातून. आता प्रत्येकीची कढई वेगळी आणि दारही बंद.

म्हणून यंदा मी घरात कामं वाटून टाकली. लाडू आणि चकल्या घरी, बाकी सगळं बचत गटाकडून, आणि ‘‘विकतचं आहे का?’’ या प्रश्नाला मोठ्या आवाजात ‘‘हो’’. भांडी माळ्यावरच राहिली. मराठीत ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दुपारी लोळत अंक वाचायची या सणाला सोय आहे. घरातली पुरुषमंडळी ती निष्ठेने पाळत आली आहेत. यंदा ऐन लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दोन अंक उशाशी घेऊन मीही ती पाळली.

आणि नरकचतुर्दशीला पहिल्या पाटावर मी बसले. नवऱ्याने तेल कोमट करून आणलं आणि विचारलं, ‘‘किती जोर लावू?’’ म्हटलं, ‘‘भाजणी मळायला लागतो तेवढा.’’ तो गोंधळला. मग त्याला आधी भाजणी मळायला बसवलं.

चकल्या निम्म्याच झाल्या, त्यातल्या काही वाकड्या. डबे मात्र घरोघरी गेले. कुणाचीही तक्रार आली नाही. आली असती, तर देण्यासाठी सोऱ्या धुऊन ठेवलेला होता.