पंच कुठायत?

खून एकट्याने बघण्यात मजा नाही. प्रेमकथा माणूस एकटा बघतो आणि हवं तर एकटाच रडतो. खुनाला मात्र घरात चार माणसं लागतात, कारण खुनी कोण यावर पैज लावायला समोर कोणीतरी हवं. टीव्हीच्या काळात ही चार माणसं निदान गप्प बसायची. मध्येच बोललं तर धागा निसटायचा, त्यामुळे मतं जाहिरातींपर्यंत राखून ठेवावी लागत. व्हीसीआरला पॉज होता, पण त्यात चित्र असं थरथरायचं की प्रेतही जिवंत वाटे. मग डीव्हीडी आली. तिच्या पॉजमध्ये चित्र गप्प उभं राहतं आणि प्रेक्षक बोलतो. माझ्या मते प्रेक्षकाचा न्यायाधीश झाला तो त्या दिवशी.

आमच्या घरी हे न्यायालय २००६ च्या सुमारास भरलं. आम्ही तेव्हा चेन्नईत, मैलापूरला राहत होतो. माझे सासरे अण्णा, म्हणजे सांगली जिल्ह्यातले निवृत्त फौजदार, हवापालटासाठी लेकीकडे आले होते. हवापालटासाठी मे महिन्यात चेन्नईला आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. अण्णांचा वेळ जावा म्हणून न्यू जर्सीच्या मेहुणीने ‘सीएसआय’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा खोका पाठवला. ६ ऑक्टोबर २००० ला अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका आमच्याकडे एएक्सएन वाहिनीवर दिसायची. जाहिराती, केबलवाला आणि वीज यांची मर्जी सांभाळून. लास व्हेगासमधलं गुन्हास्थळ तपासणाऱ्यांचं एक पथक आणि त्यांचा साहेब ग्रिसम, ज्याचा किड्यांवर विश्वास आणि माणसांवर अविश्वास. खोक्यात तेवीस भाग, एकही जाहिरात नाही. चकचकीत खोका बघूनच अण्णा म्हणाले, “केस पेपर व्यवस्थित लावलेत.”

तबकडी आत गेली आणि प्लेअरने ती बघायला साफ नकार दिला. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे प्रदेश पाडून ठेवले होते. अमेरिका पहिल्या प्रदेशात, आपण रशिया-आफ्रिकेबरोबर पाचव्यात. एकीकडची तबकडी दुसरीकडे चालत नसे. अण्णांना हे पहिल्या फटक्यात समजलं. “हद्दीचा प्रश्न आहे. गुन्हा त्यांच्या हद्दीतला, आपल्या ठाण्यात नोंद व्हायची नाही.”

चिरंजीवांनी यावर चेन्नईचा रूढ उपाय केला. बीच स्टेशनसमोर बर्मा बाजार आहे. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांसाठी १९६९ मध्ये वसलेला हा बाजार तेव्हा तबकड्यांसाठी प्रसिद्ध होता. तिथून तो तेच पर्व एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला. वेष्टनावर फोटो मायामीच्या मालिकेतल्या गॉगलवाल्या साहेबाचा, आत लास व्हेगास. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, पण ती कोणीतरी ऐकून, विसरून, पुन्हा आठवून लिहिलेली असावीत. तरी चालली मात्र पहिल्याच झटक्यात. अस्सल माल मुका आणि चोरीचा माल बोलका, असा पेच घरात उभा राहिला.

पेच अण्णांसाठी जास्त होता. तमिळनाडूने २००४ मध्ये आपल्या गुंडा कायद्यात व्हिडिओ चोरांना सामील करून घेतलं होतं. हातभट्टीवाले, झोपडपट्ट्या बळकावणारे आणि सिनेमांच्या नकला विकणारे एकाच यादीत. खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्धता. हे मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ पिशवीकडे बघत राहिले आणि मग खुर्ची टीव्हीजवळ ओढून म्हणाले, “जावईबापू, हा मुद्देमाल आहे. मुद्देमाल तपासल्याशिवाय मत कसं देणार?” त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्यांनी मुद्देमाल तपासला.

पुढे माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर एका पोराने आमच्या प्लेअरला रिमोटवरून कसलेसे आकडे दाबून विश्वनागरिक करून दिलं आणि अस्सल खोकाही चालू लागला. सुरुवातीलाच पडद्यावर अमेरिकन सरकारचा इशारा आला. नक्कल कराल तर पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलर दंड! हा इशारा पुढे ढकलता येत नाही. रिमोट कितीही दाबा, वाचूनच पुढे जायचं. बर्मा बाजारच्या प्रतीत तो नव्हता. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याला दर वेळी दम, आणि ज्याने चोरीची घेतली त्याची वाट मोकळी. “नोटीस चांगली आहे,” अण्णा म्हणाले, “फक्त चुकीच्या इसमावर बजावली आहे.”

त्यानंतर मंडळींची मतं सुरू झाली, आणि मालिकेचा एकेक भाग, जो जेमतेम पाऊण तासाचा, आमच्याकडे अडीच तास चालू लागला.

अण्णांचा पहिला पॉज पहिल्याच प्रेतावर. पथकातली बाई चिमट्याने एक केस उचलते, लिफाफ्यात टाकते, चालू लागते. अण्णांनी चित्र गोठवलं. “पंच कुठायत?”

कुणालाच काही सुचेना.

“दोन प्रतिष्ठित इसम लागतात. चतुःसीमा लिहिली का? पूर्वेस काय, पश्चिमेस काय? लिफाफ्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी? लाखेचं सील? नमुना सील?” बाईंचा हात हवेत, केस चिमट्यात, आणि अण्णा टीव्हीपुढे उभे राहून एकेक त्रुटी मोजत होते. “उद्या बचावाचा वकील विचारील, हा केस कशावरून तिथलाच? बाईंचे स्वतःचे केस मोकळे आहेत!”

हा मुद्दा माझ्या बायकोने उचलून धरला. घटनास्थळी मोकळे केस सोडून वाकणारी बाई, तर प्रयोगशाळेत निम्मे नमुने तिचेच निघणार. पण तिचा मुख्य आक्षेप दिव्यांवर होता. या मालिकेत कुणीही खोलीत शिरलं की दिव्याचं बटण दाबत नाही, खिशातून बॅटरी काढतो. आलिशान बंगला, भिंतभर दिवे, तरी मंडळी अंधारात चाचपडत पुरावा शोधतात. “अहो, लाइट लावा ना!” ती दर भागात ओरडायची. मद्रासच्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर बॅटरी घेऊन फिरणाऱ्या बाईला वीज असताना बॅटरी घेऊन फिरणारा माणूस संशयितच वाटणार.

शेवटचा पॉज कबुलीजबाबावर. दर भागाच्या अखेरीस साहेब एक तंतू टेबलावर ठेवतो आणि खुनी घडाघडा बोलू लागतो. अण्णा खुर्चीतून उठायचे. “पोलिसांपुढची कबुली! पुरावा कायदा कलम २५! कोर्ट ढुंकून बघायचं नाही. गेली केस!” पहिल्या पर्वातला एकूण एक खुनी अण्णांनी असा निर्दोष सोडला. शिवाय एकही पंच फितूर होत नाही, एकही साक्षीदार गावाला गेलेला नसतो, यावरून ही मालिका काल्पनिक आहे हे त्यांच्या मते आपोआप शाबीत होत होतं.

समोरच्या ब्लॉकमधल्या मामी या न्यायालयाच्या दुसऱ्या सदस्य. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी तीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहिलेलं. आम्हाला निम्मं कळायचं, पण रोख पूर्ण कळायचा. त्यांचं मत शास्त्रशुद्ध होतं, फक्त शास्त्र वेगळं होतं. शवागारातून आलेला डॉक्टर आंघोळ न करता कॉफी पितो, हे त्यांना खुनापेक्षा भयंकर वाटायचं. “मेलेल्याला शिवला आणि तोच हात कपाला!” म्हणत त्या स्वतःचा पेला टेबलाच्या पार टोकाला सरकवायच्या. हातमोजे घातले होते, असं चिरंजीवांनी दाखवून दिल्यावर त्यांनी विचारलं, “आणि मन? त्याला हातमोजा आहे?” या प्रश्नावर ग्रिसमकडेही काही उपकरण नव्हतं.

आणि प्रयोगशाळेतून खून उलगडणं हा अमेरिकेचा शोध, हे तर मामींना मुळातच मान्य नव्हतं. त्यांच्या लहानपणी, ऑगस्ट १९५२ मध्ये, आळवंदार खून खटल्याने सगळं मद्रास हादरलं होतं. आळवंदार नावाचा, पेनं विकणारा एक माणूस बेपत्ता झाला. बोट मेल या रेल्वेगाडीच्या डब्यात एक ट्रंक सापडली, तिच्यात शिर नसलेलं धड. शिर सापडलं रायपुरमच्या किनाऱ्यावर. मद्रास मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांनी दोन्हींचा मेळ घातला आणि ओळख पटवताना कानाची भोकंसुद्धा कामी आली. “वडील पेपर लपवायचे,” मामी सांगायच्या, “म्हणून आम्ही शेजारचा वाचायचो.” त्या खटल्यात आरोपीला सात वर्षं आणि त्याच्या पत्नीला तीन वर्षं शिक्षा झाली. ती पुरेशी होती का, यावर मामींचं मत अर्ध्या शतकानंतरही तयार होतं आणि ते न्यायमूर्तींना अनुकूल नव्हतं.

मामींचा अभिमान अगदीच हवेतला नव्हता. भारतातली पहिली रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा १८४९ मध्ये मद्रासलाच सुरू झाली. कलकत्ता, आग्रा, मुंबई नंतर. तिचा वारसा सांगणारं तमिळनाडूचं न्यायसहायक विज्ञान खातं मैलापुरातच, मरिनाच्या रस्त्यावर आहे. आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. आमच्यापैकी एकानेही त्या इमारतीकडे कधी मान वळवून पाहिलं नाही. आम्ही सात समुद्रापलीकडची प्रयोगशाळा पॉज करून बघत होतो.

चिरंजीवांचा सगळा जीव यंत्रांत. डीएनएचा अहवाल दोन प्रसंगांच्या मध्ये येतो, दुकानाच्या कॅमेऱ्यातलं धुरकट चित्र मोठं करत नेलं की गाडीचा नंबर स्वच्छ दिसतो, यावर तो खूष. यावर अण्णांनी आपला अहवाल सांगितला. विषबाधेचा संशय असला की व्हिसेरा राखून ठेवायचा. मिठाच्या तीव्र द्रावणात बरणी, बरणीला सील, बरोबर पत्र, आणि ते सगळं घेऊन एक हवालदार एसटीत बसायचा. कंडक्टर विचारायचा, पिशवीत काय? हवालदार खरं सांगायचा नाही, कारण खरं सांगितलं की गाडी रिकामी व्हायची. “मग सीएचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट कधी यायचा?” चिरंजीवांनी विचारलं. अण्णा म्हणाले, “माझी बदली झाली की.”

मामींना यातलं मीठच तेवढं पटलं. “म्हणजे लोणच्यासारखंच,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी आमच्याकडे आवक्काय कुणी वाढून घेतलं नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे हजर. मालिकेला इतकी नावं ठेवून ती बघण्याचा सोस कशासाठी, हे कोडं मला अण्णांच्याच एका वाक्याने उलगडलं. तेवीस भागांत नोंदवलेले आक्षेप त्यांनी एका वहीत लिहिले होते. मी म्हटलं, एवढं चुकीचं आहे तर बंद करू या का? ते म्हणाले, “चुकीचं आहे, पण रिपोर्ट येतोय ना.” गुन्ह्याचं म्हणून काही आकर्षण नसतं, गुन्हे पेपरात रोज फुकट मिळतात. आकर्षण निकालाचं. जेवणाआधी प्रेत सापडावं आणि ताक प्यायच्या आत खुनी, ही चैन विकत घ्यायला माणूस अमेरिकेहून खोका मागवतो, पाचव्या प्रदेशातून पहिल्यात घुसतो, गुंडा कायद्याच्या सावलीत उभा राहतो.

आपल्याकडे ही चैन ‘सीआयडी’ मालिकेने आधीच सुरू केली होती, जानेवारी १९९८ पासून, म्हणजे लास व्हेगासचा ग्रिसम जन्माला यायच्या आधी तिच्यातले आपले डॉ. साळुंखे नळीतलं पाणी निळं करून दाखवत होते. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम हे अण्णांना घरचेच. ‘एक शून्य शून्य’ मालिकेपासून पाहिलेले. “त्यांच्याकडेही पंच नसतात,” मी आठवण करून दिली. अण्णांनी क्षणभर विचार केला. “दरवाजा तुटल्याचा आवाज ऐकून शेजारी जमतच असतील. त्यातले दोन.” आपला माणूस म्हटला की पंच मिळतात.

आता डीव्हीडी गेल्या, प्लेअर माळ्यावर गेला, अण्णांनी ऐंशी पार केली. पण १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा त्यांचा सांगलीहून फोन आला. आवाज फौजदारकीतला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ त्यांनी वाचून काढलं होतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, पुरावे गोळा करायचे आणि या सगळ्याचं मोबाइलवर किंवा दुसऱ्या उपकरणावर चित्रीकरण करायचं. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत.

“१८४९ ते २०२४,” अण्णा म्हणाले. “पहिला भाग जरा लांबला, पण मालिका चांगली आहे.”

मी विचारलं, आता तरी समाधान ना? पंचनाम्याचंच चित्रीकरण होणार.

“समाधान कसलं? आता आरोपीचा वकील कोर्टात पॉज दाबणार आणि विचारणार, हवालदार, तुमच्या मागे तो चहाचा कप कोणाचा?” एवढं बोलून ते थांबले आणि पुढचं वाक्य त्यांनी मोठ्या समाधानाने उच्चारलं. “मी असतो तर मीपण विचारलं असतं.”