कुठेतरी मध्येच राहणाऱ्या काकांकडून

चि. सॅकवाल्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा दुपारी बालाघाटच्या बस स्टँडजवळच्या हॉटेलात तू माझ्याच टेबलावर बसला होतास. तुझी सॅक शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसली होती, त्यामुळे एक आजीबाई उभ्या राहिल्या, ते असो. चहात साखर फार म्हणून तू तोंड वाकडं केलंस, तेही असो. कान्हा व्याघ्रप्रकल्पाच्या मुक्की गेटवरून बैहरमार्गे तू इथे उतरलास, संध्याकाळी गोंदियाला जाऊन पुरीची गाडी धरायची होती. म्हणजे अख्खी दुपार रिकामी. "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" असं तू विचारलंस. मी पोह्यांचा घास गिळेपर्यंत तुझा फोन वाजला आणि तू आईला सांगितलंस, "अगं, मी ना कुठेतरी मध्येच आहे. इथे काहीच नाहीये."

वा! पन्नाशी उलटली तरी मला जे उमगलं नव्हतं, ते तू प्लेटभर पोह्यांत शोधून काढलंस.

खरंच आहे म्हणा. इथे काही नाही. वैनगंगा आहे, पण ती नुसती नदी. भंडारा, गडचिरोलीकडून जाते, वर्धेला भेटली की प्राणहिता होते, पुढे गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. पुरीला तू ज्या समुद्रात पाय बुडवून फोटो काढले असशील तोच. नदी इथून तिथवर चालत जाते. तुला मात्र घाटापर्यंत रिक्षाने जाववलं नाही. भरवेलीला मँगनीजची खाण आहे, जमिनीच्या पोटात खोल उतरणारी. तिथे वाघ दिसत नाही, तेव्हा तीही गेली. गल्ल्याशेजारी तुझा फोन चार्जिंगला लावला होता, त्याच्या वायरीतलं तांबं कदाचित परदेशातलं असेल, पण देशातली सगळ्यांत मोठी तांब्याची खाण याच जिल्ह्यात, मलाजखंडला आहे. वायर लांबपर्यंत पोचत नाही म्हणून तू मालकाला दोनदा बोललास.

हे सगळं मी गिळलं असतं. पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून तू म्हणालास, "काका, तुमचं मराठी छान आहे हो! कुठे शिकलात?"

घरी, बाबा. घरी शिकलो. तू जिथे शिकलास तिथेच. 1861 पासून 1956 च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत या मुलुखाची राजधानी नागपूर होती, त्याही आधी कधीकाळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि आमचे अर्ज भोपाळला जाऊ लागले. दुखणं मोठं असलं की पेशंट मात्र आजही नागपूरलाच न्यावा लागतो. इथल्या पुष्कळ घरांत पोवारी आहे, बैहरकडे गोंडी आहे, बाजारात हिंदी आहे, आणि आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात मराठी आहे. तिला तुझ्या शाबासकीची वाट नव्हती. पुण्याच्या पाहुण्याने येऊन पाठ थोपटावी म्हणून आम्ही ती सांभाळलेली नाही रे! इतका राग मला हिंदीवाल्यांनी "तुम तो मराठी हो" म्हटल्यावरही येत नाही. ते निदान बरोबर बोलतात.

आणि सॅकचं म्हणशील, तर पाठीवर गाठोडं टाकून निघणारे आमच्याकडे दरसाल बघायला मिळतात. लांजी-किरनापूरकडची पोरं नागपूरला, हैदराबादला कामाला जातात. मे 2020 मध्ये हैदराबादहून पायी निघालेल्या इथल्या एका मजुराने वाटेत लाकडाची गाडी ठोकली आणि गरोदर बायकोला व लहानग्या पोरीला त्यात बसवून शेकडो किलोमीटर ओढत जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आणलं. त्याला कुणी 'ट्रॅव्हलर' म्हटलं नाही. त्यालाही बहुतेक साऱ्या वाटेवर कुठेतरी मध्येच असल्यासारखं वाटलं असेल, पण त्याला पोचायचं होतं ते इथेच.

एवढं खरमरीत लिहून पत्र संपवणार होतो. पण मग तुझा दुसरा फोन आठवला. तू उठून उभा राहिलास. "हो सर, सुट्टीवरच आहे सर, करतो सर." सॅकमधून मी कॅमेरा निघेल म्हणत होतो, निघाला लॅपटॉप. सॅकने अडवलेली खुर्ची त्यानंतर तूच आजीबाईंसाठी मोकळी केलीस आणि सॅक मांडीवर घेऊन, वर लॅपटॉप ठेवून, माश्या वारत तास-दीड तास टाइप करत बसलास. पोहे अर्धे राहिले. आईला मात्र जेवलो म्हणून सांगितलं होतंस. सुट्टीच्या दिवशी एवढं "सर, सर" म्हणायला लावणाऱ्या त्या माणसाला एकदा इथे धाडून दे, त्याला भरवेलीला खाली उतरवतो. गोंदियाची वेळ झाली तेव्हा तू घाईत निघालास, आणि मला तुझ्याशी भांडायला वेळच मिळाला नाही.

तर पुन्हा आलास तर पावसाळ्यात ये. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कान्हाचा गाभा बंद असतो, मुक्की गेटला कुलूप असतं. म्हणजे इथून पुढे जायची घाई राहणार नाही. तेव्हा आमच्याकडे चिन्नोरची लावणी चाललेली असते, ज्या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तो. लॅपटॉप आणू नकोस. चहा बिनसाखरेचा सांगून ठेवीन.