दुखऱ्या पायाचे सावकार

व्यायाम करणारा माणूस चारचौघांत ओळखू येत नाही. व्यायामात दुखापत झालेला माणूस मात्र लांबूनच ओळखू येतो. तशी व्यवस्था तो स्वतःच करतो. धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या हंगामात असा एक तरी निघतोच. नाव काही का असेना, मोंढा त्यांना सावकार म्हणतो. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, लाल मिरचीची आडत, वडिलांकडून आलेली गादी, स्वकष्टाची ढेरी, आणि एक जानेवारीला घेतलेली जिमची मेंबरशिप. तीही वर्षाची, कारण महिन्याच्या हिशोबानं ती स्वस्त पडते. हिशोबात सावकार चुकत नाहीत. चुकतं ते पुढं.

पुढं म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट. निकू व्लाड नावाच्या रोमानियन वेटलिफ्टरनं १९८४ साली लॉस एंजेलिसला सुवर्णपदक मिळवलं. पुढं अमेरिकेत त्याला हा व्यायाम करताना तिथल्या लोकांनी पाहिलं आणि व्यायामाला त्याच्या देशाचं नाव देऊन टाकलं. गुडघे जरासे वाकवायचे, कंबरेतून पुढं झुकायचं आणि दांडा मांडीला घासत नडगीपर्यंत खाली न्यायचा. मांडीच्या मागच्या बाजूला हॅमस्ट्रिंग नावाचे तीन स्नायू असतात. ते या वेळी ताणलेही जातात आणि तशा ताणातच त्यांना वजन धरून ठेवावं लागतं. घात होतो तो बहुधा इथं. सावकार तर दुपारभर गादीवर मांडी घालून बसलेले, तिथून उठून एक चहा मारून थेट दांड्यापाशी आलेले. वॉर्मअप म्हणून त्यांनी मोबाइल उभा करून ठेवला. दांडा खाली जाताना आपण व्हिडिओत नीट येतोय का हे मान वळवून पाहिलं, आणि मागे मांडीत टक्कन झालं.

दांडा वीस किलोचा आणि दोन्हीकडं दहा-दहाच्या प्लेटा, एकूण चाळीस. हा आकडा जिममधल्या पोराचा. तो मोंढ्यात पोचेपर्यंत साठ झाला, लातूरच्या साडूंना फोनवर ऐंशी सांगितला गेला आणि मेहुणे समक्ष भेटायला आले तेव्हा शंभराच्या वर होता. त्याच पंधरवड्यात मिरचीचा भाव रोज उतरत होता. एखादा तरी आकडा चढता असावा, असं व्यापारी माणसाला वाटणारच.

पहिली अडचण बसण्याची. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला की मांडी घालून बसता येत नाही, आणि आडतीची गादी तर मांडी घालणाऱ्यांसाठीच असते. मग दुकानापुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, एक सावकारांना आणि एक पायाला. गादीवरचा माणूस भावासाठी भेटतो, खुर्चीवरचा चौकशीसाठी, हे सावकारांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. येणारा-जाणारा थांबू लागला. एरवी या जागी बाभळीच्या बंधाऱ्याच्या गप्पा चालायच्या. त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल आहे. धर्माबादेत तो ज्याला-त्याला पाठ असला तरी त्यावर नव्यानं भांडण होतं. आता बाभळी मागं पडली. पायाचा निकाल रोज नवा लागायचा.

दुसरी अडचण जास्त नाजूक. दुखतं ते मांडीच्या मागं, वर. तिथं बांधलेली क्रेप बँडेज पँटीच्या आत जाते, आणि जी पट्टी दिसतच नाही तिचा गावाला काय उपयोग? दोन दिवस सावकारांनी हा अन्याय सोसला. तिसऱ्या दिवशी पट्टी गुडघ्यावर आली, पँटीवरून. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं, पण त्यानं तक्रार केली नाही.

निळ्या डागाचंही तेच. आत सांडलेलं रक्त कातडीखाली उतरतं आणि काळानिळा पट्टा उमटतो. तो ज्याचा त्याला दिसत नाही. सावकारांनी मुलाकडून फोटो काढून घेतला आणि गिऱ्हाइकाला मिरचीचा नमुना दाखवावा तसा मोबाइल पुढं करू लागले. "आधी रंग बघा." चारपाच दिवसांनी तो डाग गुडघ्याच्या मागं उतरला. रक्त वजनानं खाली ओघळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सावकारांनी त्यातलं पहिलं वाक्य गाळलं, दुसरंही गाळलं आणि "पसरायलंय" एवढंच गावाला कळवलं.

खरा त्रास द्यायचा तो ठसका. हंगामात मोंढ्यात मिरचीचे ढीग पडले की हवाच तिखट होते. धर्माबादकराला तिची सवय असते, पण पोतं फुटलं की त्यालाही शिंका येतात. प्रत्येक शिंकेला सावकारांचा देह पुढं झुके, मांडी मागून खेचली जाई आणि तोंडातून असा आवाज निघे की पलीकडच्या आडतीतला लिलाव थांबायचा. हा आवाज मात्र अस्सल होता.

सल्ला द्यायला गावात परवाना लागत नाही. सीमेवरचं गाव, बासरची सरस्वती एका स्टेशनावर, त्यामुळं चौकशी दोन भाषांत व्हायची. एक जण "एमैंदि सावकार?" म्हणत यायचा, दुसरा "पाय कामून ओढायलाव?" विचारायचा. कुणी शीर चढली म्हणे, कुणी उसण भरली म्हणे. आईनं आंबेहळद उगाळली. मेहुण्यांनी रुईची पानं तव्यावर गरम केली. एक नस बसवणारे आले आणि बाह्या सरसावू लागले, तेव्हा सावकारांनी हात वर केला. "डॉक्टर म्हणलेत, सुरुवातीला चोळायचं नाही. आतलं रक्त वाढतं. कधीकधी मांसात हाड धरतं." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. समोरच्यांच्या चेहऱ्यावर जो आदर दिसला, तो त्यांना चाळीस किलोनंच काय, चारशेनंही मिळाला नसता.

पायाळूला मात्र ते नाही म्हणू शकले नाहीत, कारण त्याला आईनं बोलावलं होतं. पायांकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागली की उसण जाते, ही जुनी समजूत. गल्लीतला पायाळू म्हणजे कॉलेजात जाणारं एक लाजरं पोरगं, आणि त्याच्या बापाकडं सावकारांची दोन हंगामांची उचल थकलेली. सावकार भिंतीला हात टेकून पाठमोरे उभे राहिले. पोरगं घाबरलं. "हळू टेकव रे, नुसता पाय लावायचा असतो," बाप म्हणाला. पण म्हणताना त्याच्या आवाजात फारसा जोर नव्हता. लाथेत मात्र होता. सावकार भिंतीवर चार बोटं वर सरकले. आईनं विचारलं, "उतरलं का?" मागं बाप उभा असल्यानं सावकारांना "जरा उतरलं" म्हणावं लागलं.

हमालांचं मत कुणी विचारलं नव्हतं. दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्या एकानं ते आपणहून दिलं. "मालक, उचलायचंच होतं तं आमच्यासंगं यायचं होतं की. हमाली बी भेटली असती." आईनं लगेच जोड दिली, "तुझ्या बापानं जन्मभर पोती मोजली, उचललं एकबी नाही." आणि तालमीतल्या एका आजोबांनी लातूर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्र बिराजदारांचं, १९६९च्या महाराष्ट्र केसरीचं, नाव घेऊन सुरुवात केली. त्यांचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं होतं. "आम्ही आधी फावड्यानं आखाड्याची माती उकरायचो. घाम आला की मग जोर, मग कुस्ती." म्हणजे ज्याला सावकार वॉर्मअप म्हणतात आणि करत नाहीत, ते तालमीत फावड्यानं उरकलं जायचं आणि आखाडाही भुसभुशीत व्हायचा.

मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर धर्माबादेत दोन पक्ष पडतात, नांदेड आणि निजामाबाद. गाडी दोन्हीकडं जाते. घरातलं मतदान नांदेडकडं झुकलं. डब्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एवढा साधा नियम. सावकारांनी तो पाठ केला आणि फलाटावर उलटा वापरला. नांदेडच्या डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला आणि ग्रेड टू सांगितली. पहिल्या ग्रेडमध्ये धागे नुसते ताणतात, दुसरीत काही तुटतात, तिसरीत स्नायू पुरता फाटतो. सावकारांना दुसरी एकदम पसंत पडली. पहिलीला गाव नाटक म्हणतं, तिसरीला ऑपरेशन लागू शकतं. दुसरीत मान आहे आणि खर्च बेतात.

उपचारांचा अभ्यास त्यांनी मोबाइलवर केला. विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच, हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं १९७८ साली मांडलं, आणि बर्फानं भरून यायला उलट उशीर लागू शकतो असं पुढं त्यानंच सांगितलं. ते वाचल्याबरोबर सावकारांनी रसवंतीवरून येणारा बर्फ बंद केला. पंच्यात गुंडाळलेला बर्फ वितळून पँट भलत्याच ठिकाणी भिजायची, हे कारण त्यांनी मर्किनच्या मागं लपवलं. फिजिओथेरपिस्टनं आणखी एक गोष्ट सांगितली. कार्ल आस्कलिंग या स्वीडिश फिजिओनं फुटबॉलपटूंवर दोन व्यायामपद्धती करून पाहिल्या आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. स्नायू हळूहळू ताणत बळकट करणाऱ्या पद्धतीनं खेळाडू सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीच्या पद्धतीला ५१ लागले. पहिली जलद, हे कुणालाही कळेल. सावकारांना ५१ आवडला. आहेराचा आकडा आहे, कमी करणं बरं दिसत नाही.

व्यायाम ते करायचे, पण प्रेक्षक असले तर. उताणं पडून टाच चादरीवरून पुढं सरकवायची, एका पायावर उभं राहून हळूच पुढं झुकायचं. समोर कुणी नसेल तर पायाला विश्रांतीची गरज वाटे. फाटक वाजलं की टाच सरकू लागे. खरी विश्रांती मात्र त्यांना एक दिवसही जमली नाही. फोन, वजनकाटा, हिशोबाची वही, मुनीमजींवरचं ओरडणं, सगळं खुर्चीतून चालू. जड वजन उचलायला बळ लागतं; काही न उचलता बसायला जे लागतं, त्याचं दुकान मोंढ्यात नाही.

पाय बरा होत गेला. स्नायूला प्रेक्षक लागत नाहीत, तो आपला आतून शिवत राहतो. लंगडणं दुकानाच्या पायरीपर्यंत यायचं आणि आत गेल्यावर नाहीसं व्हायचं. कधी चुकून दुसऱ्याच पायात दिसायचं, तेव्हा मुनीमजी खोकायचे.

शेवटच्या तपासणीला फिजिओनं पाय वाकवला, ताणला, दाबला आणि सांगितलं, "झालं. आता यायची गरज नाही."

"काहीच राहिलं नाही?" सावकारांचा आवाज पडला. "थोडं तरी असेल. बघा ना."

"एक सांभाळा. एकदा गेलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याचा धोका जास्त असतो. व्यायाम बंद करू नका."

सावकारांचा चेहरा उजळला. गाडीत बसायच्या आधी त्यांनी फोन लावला. "बरा आहे, पण रिस्क आहे म्हणलेत. जन्मभर."

ही बातमी मोंढ्यात दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी शेजारचे कापडवाले खांदा दुखावून आले. हात गळ्यात. पांढरीशुभ्र झोळी, सदऱ्याच्या वर, रस्त्याच्या त्या टोकावरून दिसणारी. पायासाठी मांडलेल्या खुर्चीत आपसूक ते बसले आणि माणसं त्यांच्याभोवती वळली. सावकार बराच वेळ झोळीकडं बघत राहिले.

"कितवी ग्रेड?" त्यांनी विचारलं.

"ग्रेड-बिड काही म्हणले नाहीत."

सावकार निवांत मागं टेकले. "मग काही नाही," ते म्हणाले, "दोन दिवसांत जाईल."